दोन सह्यांचा अर्ज

५ ऑक्टोबर ८७, सोमवार

गुरुवारी फिलाडेल्फिया. सकाळी दहा, इमिग्रेशनचा इंटरव्ह्यू. मेधा इथली सिटिझन, मी तिचा नवरा, म्हणून मला ग्रीन कार्ड. असं सरळ लिहिलं की कसंसंच होतं. पण आहे ते आहे.

फाइल तयार. लग्नाचं सर्टिफिकेट, घराचं लीज, जॉइंट खातं, टॅक्सचे कागद, आल्बम. आल्बममध्ये मी मुंडावळ्या बांधून रडवेला दिसतो. मेधा म्हणाली, "तोच वर ठेव, दया येईल त्यांना."

पाट्या (पाटणकर, माझा जुना रूममेट) संध्याकाळी येऊन प्रॅक्टिस घेऊन गेला. बायको पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपते. टूथब्रशचा रंग. सासूचं माहेरचं आडनाव. सगळं आलं. पाट्या म्हणे, "यार, पीएच.डी.च्या क्वालिफायरला एवढी तयारी केली असतीस तर एका फटक्यात सुटला असतास."

८ ऑक्टोबर, गुरुवार

परतीच्या वाटेवर, हॅरिसबर्गच्या अलीकडे थांबलोय. मेधा आत नानांना, म्हणजे तिच्या वडिलांना, फोन करतेय. मी गाडीत.

वाट लागली.

बाई पन्नाशीच्या, शांत. दोघांना वेगवेगळं बोलावलं, आधी मला. पहिलाच प्रश्न, लग्न कधी झालं. मी ताडकन सांगितलं, सतरा मे. त्यांनी सर्टिफिकेट माझ्याकडे वळवलं. त्यावर एकोणीस डिसेंबर ८६.

मी समजावलं की डिसेंबरातलं कोर्टातलं, नुसतं रजिस्ट्रेशन. मुहूर्त मे महिन्यातला, भटजी, सप्तपदी, दोनशे माणसं, न्यू जर्सीत. मग डिसेंबर ते मे कुठे राहत होतात? मी युनिव्हर्सिटीच्या गावात, पाट्याबरोबर. ती न्यू जर्सीतच, आयसेलिनला आईवडिलांकडे. का? कारण नानांची अट होती, वैदिक लग्न लागेपर्यंत एका घरात राहायचं नाही. हे इंग्रजीत सांगताना मलाच खोटं वाटायला लागलं.

मग त्यांनी टॅक्सचा कागद काढला. एप्रिलात भरलेला. मॅरीड की सिंगल, तिथे मी सिंगलवर खूण केलेली. माझंच अक्षर, माझीच सही.

"तेव्हा तुमचं लग्न झालेलं होतं ना?"

म्हटलं, आमच्याकडे लग्न लागल्याशिवाय लग्न झालं असं कुणी मानत नाही. बाईंनी ते लिहून घेतलं. अक्षरशः लिहून घेतलं.

मेधाला विचारलं तेव्हा तिनं एकोणीस डिसेंबर सांगितलं. क्षणाचाही विचार न करता, ती म्हणाली. नकार नाही, पण अडकवून ठेवलंय. आणखी पुरावे आणा. ओळखीच्या लोकांची पत्रं आणा.

आली मेधा.

९ ऑक्टोबर

काल उरलेला सगळा रस्ता गाडी तीच चालवत होती. घर दहा मिनिटांवर आलं तेव्हा म्हणाली, "डिसेंबरमध्ये मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांनी केक आणला होता. अंगठी घालून जात होते रोज. तू कुणाला सांगितलंस?"

पाट्याला. तोही साक्षीदार होता म्हणून. आईला नागपूरला पत्रात लिहिलं होतं, रजिस्ट्रेशन उरकलं, लग्न मेमध्ये. उरकलं हाच शब्द.

हिला कळत नाही. सहाव्या वर्षी इथे आलेली. नागपुरात कुणालाही विचारा, कोर्टात सही केली म्हणून पोरगा घरी जाऊन बायको म्हणत नाही. आणि अट कुणाची होती? नानांची. तेच नाना आज फोनवर म्हणतात, "सिंगल? इंजिनिअर ना तुम्ही, शिरीषराव?" डोकं फिरलं माझं. फोन मेधाकडे दिला.

१० ऑक्टोबर

खरं लिहायचं तर, सिंगलवर खूण करताना पेन थांबलं होतं. घाईत झालं, असं मी सगळ्यांना सांगतोय. घाई नव्हती. शनिवार होता, चहा घेत बसलो होतो. दोन चौकोन समोर. मेपर्यंत काय होईल कोणाला ठाऊक, असं काहीतरी मनात आलं होतं. नाही जमलं तर निदान इथे लिहिलेलं नको.

हे मेधाला सांगणं शक्य नाही.

२५ ऑक्टोबर

पत्रं जमली. भटजींचं पत्र त्यांच्या ऑफिसच्या कागदावर, कारण सोमवार ते शुक्रवार ते अकाउंटंट असतात. पाट्याचं दोन पानी, त्यात माझ्या स्वैपाकाची निंदा. सगळ्यात भारी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंचं. त्यांनी लिहिलंय, या दोघांची भांडणं मला नीट ऐकू येतात, भाषा कळत नाही, पण लग्न खरं आहे याबद्दल मला शंका नाही.

मेधा ते वाचून हसली. बऱ्याच दिवसांनी.

७ डिसेंबर ८७

आलं. मंजूर. पण नव्या कायद्याप्रमाणे दोनच वर्षांचं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड मिळालं की ते कच्चं. दोन वर्षं संपायच्या आधीच्या तीन महिन्यांत पुन्हा अर्ज, त्यावर नवराबायको दोघांच्या सह्या. एकाची नसली तर पुन्हा सगळं पणाला.

पाट्या म्हणाला, प्रोबेशनवरचा नवरा. मेधानं पत्र फ्रिजवर लावलं. "सो आय गेट टु रिव्ह्यू यू," म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही.

१४ फेब्रुवारी ८८

भांडण. कारण: मी तिच्या बँकेतल्या लोकांच्या पार्टीला गेलो नाही. आवाज चढला माझा, आणि मध्येच आठवलं, हिची सही लागणार आहे. आवाज आपोआप खाली आला. सॉरी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "आत्ता काय झालं?"

काही नाही, म्हटलं.

तिला कळलं. असं आता नेहमीच होतं. मी भांडण पुरं करतच नाही. आणि ज्याला भांडता येत नाही तो घरात पाहुण्यासारखा राहतो.

३ जुलै ८८

लाँग वीकेंड, आयसेलिन. जेवताना नाना, "कार्ड मिळाल्या दिवसापासून तीन वर्षं मोजायची आणि सिटिझनशिपचा फॉर्म टाकायचा. सिटिझनच्या नवऱ्याला पाच थांबावं लागत नाही." म्हटलं, इंडियन पासपोर्ट सोडावा लागेल. नाना म्हणाले, मी सोडला, मला काय झालं? काकूंनी, म्हणजे सासूबाईंनी (अजून तोंडात काकूच येतं), भात वाढला आणि विषय बदलला.

गाडीत मेधा म्हणाली, "तुझ्या पासपोर्टचा रंग कुठला याच्याशी मला देणंघेणं नाही. फक्त नानांना बरं वाटावं म्हणून करू नकोस. मला बरं वाटावं म्हणूनही नको."

मग कशासाठी करू? हे विचारायचं राहिलं.

२२ ऑगस्ट ८९

थीसिस जवळजवळ संपला. आणि आज नको तेच झालं.

बॉथेलच्या कंपनीचं मेधाला सांगितलं नव्हतं. सिएटलजवळ, पार त्या टोकाला. जूनमध्ये अर्ज टाकला, फोनवर इंटरव्ह्यू दिला. ऑफर आली की सांगू, असं ठरवलं होतं. आज मी लॅबमध्ये असताना त्यांच्याकडच्या एका बाईचा घरी फोन. अभिनंदन, तुमच्यासाठी अपार्टमेंट बघतोय, किती माणसं येणार? शिरीष म्हणाला होता नंतर कळवतो.

मेधानं निरोप कागदावर लिहून ठेवलेला. नाव, नंबर, खाली: "हाउ मेनी पीपल? यू सेड यू विल लेट देम नो."

मी म्हणालो, अगं, तसा अर्थ नव्हता. म्हणाली, "तुझा अर्थ कधीच तसा नसतो, शिरीष. कागदावर मात्र प्रत्येक वेळी तसंच असतं."

५ सप्टेंबर ८९, मंगळवार

फॉर्म. परवापासून पाठवता येतो. मी सही केली आणि तिच्या बाजूला, जेवणाच्या टेबलावर ठेवला. "बघते," म्हणाली.

९ सप्टें.

फॉर्म तिथेच. सही नाही. भांडी मी घासतोय.

१६ सप्टें.

तिच्या बँकेच्या पिकनिकला गेलो. दोन वर्षं टाळत होतो. तिघांशी गप्पा मारल्या, सॉफ्टबॉल खेळलो, पडलो. ती लांबून बघत होती.

फॉर्म टेबलावर दिसत नाही. विचारायची हिंमत नाही. बॉथेलवाल्यांकडून वाढीव मुदत मागितली, सहा ऑक्टोबरपर्यंत.

२४ सप्टें., रविवार

आयसेलिनला जाऊन आलो, मीच सुचवलं. नानांना म्हटलं, सिटिझनशिपचं बघू या. नाना खूश. दुकानांत फिरलो, काकूंची पिशवी उचलली. येताना मेधाच्या आवडीचं फरसाण घेतलं. आईला पत्र लिहिलं, त्यात दीड पान मेधाबद्दल.

बाहेरून आदर्श जावई. पाट्या फोनवर म्हणाला, "काय बे, आजारी आहेस का?" मुंबईचा माणूस माझं नागपुरी बोलून माझीच टिंगल करतो.

३० सप्टें., शनिवार

आज विचारलंच. मेधा, फॉर्मचं काय?

ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "तो गेला. अकरा तारखेला. सही केली, सर्टिफाइड मेलनं पाठवला. पावती ड्रॉवरमध्ये आहे."

अकरा. म्हणजे पिकनिक, आयसेलिन, फरसाण, सगळं त्यानंतरचं.

"सांगितलं का नाहीस?"

"बघायचं होतं."

"काय?"

"तू किती दिवस असा वागतोस ते." रागावलेली नव्हती. ते जास्त लागलं. "छान गेले हे दिवस. मला आवडले. दॅट्स द प्रॉब्लेम. त्यातले माझ्यासाठी किती होते आणि सहीसाठी किती, मला सांगता येत नाही. तुला येतं?"

खरंच येत नव्हतं. पिकनिकला गेलो सहीसाठी, पण पडल्यावर तिच्याकडे बघून हसलो ते कशासाठी?

"मग बॉथेलला..." मी सुरुवात केली.

"नको. ते इतक्यात विचारू नकोस. आत्ता जे विचारशील ते मला खरं वाटणार नाही."

एप्रिलातल्या त्या शनिवारचं सांगून टाकलं मग. पेन थांबलं होतं ते. तिनं हातातली घडी पूर्ण केली. "माहीत होतं," म्हणाली.

२ ऑक्टो.

घरात दोन शहाणी माणसं राहतात. थँक यू, प्लीज. कोण काय करतंय ते दोघंही बघतात. चहा केला तरी वाटतं, हा कशासाठी केला. दाढी करताना स्वतःचा राग आला.

शुक्रवारी बॉथेलला उत्तर द्यायचंय.

४ ऑक्टोबर ८९, बुधवार

सकाळी भांडलो. तिनं माझे थीसिसचे ग्राफ टेबलावरून उचलून रद्दीच्या ढिगावर ठेवले होते. एक दुमडला. मी ओरडलो. ती म्हणाली, टेबल काय तुझ्या एकट्याचं आहे? मी म्हणालो, माझं काहीच नाही या घरात, दोन वर्षं पाहुणा म्हणून राहतोय, तुझ्या बापाच्या ताटाशी मान डोलावतोय, बस झालं. ती म्हणाली, कुणी सांगितलं होतं डोलवायला? मीही काय काय बोललो. तिनंही सोडलं नाही. आवाज खाली आला नाही माझा. आणायचं सुचलंच नाही.

तिची बस चुकली. दोघंही दमलो. मग तिनं कोट घातला, पर्स उचलली, दारात थांबली. डोळे लाल होते.

"आता विचार," म्हणाली. "बॉथेलचं आता विचार मला. संध्याकाळी."

दिवसभर लॅबमध्ये काही केलं नाही. आता पाच वाजलेत. तिची बस साडेपाचला येते. बॉथेलला माझ्याबरोबर येशील का, एवढंच विचारायचंय, पाठ आहे. पण ती नाही म्हणाली तर, हे या तीन वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. कार्ड गेलं तर काय, हे हजारदा आलं. आता बसलोय तर ती नाही म्हणेल, तेवढंच एक येतंय.