रणगाड्याच्या आडोशाला वाचलेल्या घराची वाटणी

मी, कुमुदिनी जगदीश सावंत, माहेरची निकम, वय एकोणऐंशी, राहणार होदोगाया, योकोहामा, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, गुडघे सोडले तर शरीरही धड आहे, आणि पुढचा मजकूर मला कोणीही पढवलेला नाही. जपानच्या रीतीप्रमाणे सगळं स्वतःच्या हातानं लिहून खाली हान्को, म्हणजे माझ्या नावाचा शिक्का, उमटवते आहे. यापूर्वी लिहिलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. मिळकतीचं मूळ.
मिळकत स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित, असं वकिलांनी विचारलं. खरं उत्तर जरा लांब आहे.

माझे वडील हवालदार धोंडीराम निकम, म्हणजे आमचे आबा, मराठा पलटणीत होते. मे १९४४ मध्ये इटलीत, कॅसिनो गावाच्या खालच्या अंगाला, गारी नदी ओलांडायची होती. पैलतीरावर जर्मन मशीनगन. आपले जवान होड्यांतून पार झाले, पण रणगाड्यांशिवाय तिथं टिकाव लागणं कठीण होतं. तेव्हा कॅनडाच्या रणगाडा दलानं अख्खा तयार पूल रणगाड्यावर लादला, भर गोळीबारात नदीवर टाकला आणि त्यावरून रणगाडे पलीकडे नेले. तोवर आबांचा उजवा पाय गुडघ्याखालून तुटला होता. एक रणगाडा त्यांच्या आणि मशीनगनच्या मधे येऊन उभा राहिला. वॉल्टर पेंडल नावाचा कॅल्गरीचा तरुण त्यातून खाली उतरला, त्यानं आबांना ओढून आडोशाला घेतलं आणि पट्ट्यानं त्यांची मांडी आवळली. मी त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले. तेव्हा माझ्या नावावर जे काही आहे ते त्या रणगाड्यापासून सुरू होतं, असं नोंदवावं.

वॉल्टरचा थोरला भाऊ अर्नी विनिपेगच्या पलटणीतून हाँगकाँगला गेला होता. १९४१ च्या डिसेंबरात ती जेमतेम शिकवून पाठवलेली कॅनडाची पोरं थेट नाताळापर्यंत लढली. जे उरले ते कैदी झाले. अर्नी जपानमधल्या छावणीत वारला, हे घरच्यांना युद्ध संपल्यावर कळलं. वॉल्टर दर नाताळाला आबांना कार्ड पाठवायचा, म्हणून हे आमच्याही घरी ठाऊक होतं.

१९८१ साली माझे यजमान कै. जगदीश यांना बँकेनं योकोहामाला नेमलं. साताऱ्याला फोन करून सांगितलं, तर आबा म्हणाले, "वॉल्टरचा भाऊ तिकडंच हाय. आधी त्याला भेट, मग चूल मांड."

मी तसंच केलं. होदोगायाच्या टेकडीवर राष्ट्रकुलाच्या सैनिकांची दफनभूमी आहे. तिथं कॅनडाच्या भागात अर्नीचं नाव सापडलं. पाटीवर हात ठेवून मी मराठीतच म्हणाले, "तुमच्या भावानं माझ्या आबांना वाचवलं." मग घर शोधलं ते त्याच टेकडीच्या पायथ्याशी.

कलम २. श्री. लक्ष्मीकांत यांच्याविषयी.
१९८४ मध्ये, गारीला चाळीस वर्षं झाली तेव्हा, मी आबांना साताऱ्याहून आणि वॉल्टरला कॅल्गरीहून बोलावलं. त्या वेळी इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष असलेले लक्ष्मीकांत घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, त्या गोऱ्यांशी आपला काय संबंध? जपानी लोक दुखावतील. सावंतांची बदली होईल." मी काही बोलायच्या आत जगदीश म्हणाले, "होऊ द्या बदली. सासरे येणार, आणि ते साहेबही येणार." एरवी बॉससमोर खोकतानाही परवानगी घेणारा हा माणूस! त्या दिवशी मी त्यांच्यावर दुसऱ्यांदा भाळले.

बदली झाली नाही. उलट शेजारच्या हिराता-सान, शाळेतल्या शिक्षिका, स्वतः बागेतली शेवंती कापून घेऊन आल्या. अर्नीसमोर कुबड्यांवर आबा आणि शेजारी ताडमाड वॉल्टर. भाषा कुणालाच कुणाची धड येत नव्हती. आबांनी कुबडी माझ्याकडे दिली, एका पायावर सरळ उभं राहून कडक सलाम ठोकला. वॉल्टरनं त्यांना दंडाला धरून तोलून धरलं आणि एकदम टेकडी दणाणेल असं ओरडला, "शिवाजी महाराज की जय!" गारीच्या काठी ऐकलेलं ते त्यानं चाळीस वर्षं जपलं होतं. आबा हसता हसता रडायला लागले. हिराता-सानही रडल्या. का, ते त्यांना विचारायची गरज पडली नाही.

कॅनडाच्या वकिलातीचे अधिकारी येणार असं कळताच लक्ष्मीकांत नवा सूट घालून हजर झाले होते. सबब, त्या दिवशीच्या फोटोची मोठी प्रत, चांगल्या चौकटीत, त्यांना द्यावी. ते पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे आहेत.

कलम ३. वस्तू आणि शिल्लक.
माझी लोखंडी कढई आणि खलबत्ता सून कश्मिरा हिला. तिच्या आमटीला मी नावं ठेवली, ती मागे घेणार नाही, पण तिच्या पुरणपोळ्या माझ्याहून सरस आहेत हे लेखी देते. आबांची पदकं वॉल्टरच्या नातीला कॅल्गरीला पाठवावीत. वॉल्टरची काळी बेरे टोपी आमच्याकडेच राहील, तसा दोघा म्हाताऱ्यांचा ठराव झाला होता. बँकेतली शिल्लक मुलगा निहार याची.

कलम ४. अस्थी.
अर्ध्या माहुलीच्या संगमात, अर्ध्या योकोहामाच्या समुद्रात. पांढरी साडी नेसवू नये, मला ती कधीच शोभली नाही.

कलम ५. होदोगायाचा फ्लॅट.
आधीच्या मृत्युपत्रात मी फ्लॅट विकायला सांगितलं होतं, कारण निहार म्हणायचा, "आई, तुझ्यानंतर त्या टेकडीवर कोण जाणार?" त्याचं चूक नव्हतं. नात आर्या इथंच वाढली, मी मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते.

गेल्या नोव्हेंबरात कॅनडाच्या सैनिकांचा स्मृतिदिन होता. दर वर्षी मी तिथं दोन शब्द बोलते. या खेपेला गुडघ्यानं दगा दिला, उठताच येईना. न सांगता आर्या पुढे गेली. हाँगकाँग, इटलीतलं ओर्तोना, गारी, नॉर्मंडीचा किनारा, हॉलंडचा चिखल, सगळं तिनं न अडखळता सांगितलं, आधी जपानीत, मग इंग्रजीत. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं; माझ्याच तोंडून ऐकत ती मोठी झाली होती. समारंभानंतर तिथल्या एका अधिकाऱ्यानं विचारलं, "कॅनडाशी तुमचं नातं काय?"

ती माझ्याकडे वळली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "ते लोकांनी जे जिंकलं ना, त्यात माझी आजी पण आहे."

निहारनं डोळे पुसत माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "आई, फ्लॅट विकायचा नाही."

म्हणून हा फ्लॅट, टेकडीकडच्या खिडकीसह, कोणतीही अट न घालता आर्याचा.

साक्षीदार: जयेश प्रधान, चैत्राली प्रधान, दोघेही योकोहामा. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली.

सही व शिक्का: कुमुदिनी जगदीश सावंत
स्थळ: होदोगाया, योकोहामा
दिनांक: १८ जानेवारी २०२६