आर्गॉनच्या आकड्यांबाबत माझे अखेरचे लेखी म्हणणे

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, प्रयोगशाळेतून निवृत्त, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे, डोके नाही.

राहते घर भाचीला. बाल्कनीचे दार फुगते, ते खांद्याने ढकलावे. बँकेतली शिल्लकही तिचीच. धाकट्या भावाला काही नाही. आईच्या आजारपणात तो फोनवर हळहळला. आताही त्याने तेवढेच करावे.

मायक्रोमीटर आणि चिमटे आमच्या प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमधल्या लेथवाल्यांना. केसाएवढ्या भोकाचे नोझल त्यांनीच कातले. निर्वात टाकीत त्यातून विरळ वायू सोडून मी गेजने दाब मोजत असे. तोच प्रवाह माझ्या हाताखालचा विद्यार्थी, आम्ही त्याला गणित्या म्हणायचो, संगणकावर एकेक रेणू चालवून काढत असे. दोन्ही आलेख जुळले तरच त्याचा प्रबंध मंजूर होणार होता.

जुळले नाहीत. माझे आकडे त्याच्या सव्वापट.

"बाई, गेज नायट्रोजनसाठी जुळवलेलं आहे, आणि आपण आर्गॉन सोडतोय. आर्गॉनला ते जास्त दाब दाखवतं. तो फरक धरलात ना?"

"मला शिकवतोस? आधी तुझे रेणू नीट हाक."

समितीने माझ्यावर विश्वास ठेवला. प्रबंध नाकारला गेला, तोही संस्था सोडून गेला. तीन आठवड्यांनी वही चाळताना दिसले: नायट्रोजनचा सिलिंडर संपल्यावर आर्गॉन मीच जोडला होता, आकडे मात्र दुरुस्त केले नव्हते. दुरुस्त करून पाहिले. माझी रेघ त्याच्या रेघेवर जाऊन बसली.

मी वही मिटली आणि एकतीस वर्षे गप्प बसले. तो हल्ली प्रिंटर दुरुस्त करतो, असे कळते.

सबब, ती वही त्याला आणि माझा लेखी कबुलीजबाब त्याला व संस्थेला माझ्या पश्चात पाठवावा, असे मी इथे लिहिले होते. साक्षीला आलेल्या लेथवाल्यांनी ते वाचले आणि पेन खाली ठेवले.

"पश्चात म्हणजे? शिव्या खायला तुम्ही नकोत, होय? आधी पाठवा, मग सही करतो."

म्हणून हे कलम रद्द. दोन्ही पाकिटे आज अकरा वाजता भाचीसोबत जाऊन मी स्वतः रजिस्टर पोस्टाने पाठवली. त्यांत माझा पत्ता आणि फोन आहे. तो आला तर त्याला आत घ्यावे. मी झोपले असले तर उठवावे. आला नाही, तर कोणीही त्याची समजूत घालायला जाऊ नये.

सही: लिहिणारी
साक्षीदार: खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई, लेथवाले (पोस्टाच्या पावत्या पाहून)
ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: २ फेब्रुवारी, दुपारी