पुंडलिकरावच्या खुनाचे जबाब

१२ जानेवारी १९८१, आंधळगाव
करडी गावातल्या माह्या घराले कुलूप लावून आज पोराकडे राहाले आली. घनश्याम इथं शाळेत मास्तर आहे. घर चांगलं, अंगणातच विहीर, पाणी गोड. शेजारची रत्नाबाई वांगी घेऊन आली अन् चारदा विचारलं, सून कुठं. म्हटलं, माहेरी बाळंतपणाले गेली, म्हणून तर माही आठवण झाली. प्रौढांच्या वर्गात दोन वर्सं अक्षरं गिरवली, ती सवय मोडू नये म्हणून पोरानं ही वही देली. लिहून राहिली.

१८ जानेवारी
पोराचा उद्योग आज समजला. सहा वर्सांआधी तलावाच्या पाळीवर सभा होती. तिथं आमदार पुंडलिकरावले गोळी लागली. सरकारी चौकशी म्हणते, मंगरू नावाच्या मजुरानं मारली. मंगरू जेलात मेला, कागद बंद झाले. पानठेल्यावर भांडण मात्र चालूच. कोणी म्हणते दोन गोळ्या, कोणी म्हणते तीन. मंगरूचा उजवा हात तर लहानपणीच उसाच्या चरकात गेला होता म्हणे. मग बंदूक काय दातानं धरली? घनश्याम घरोघरी बसून जबाब लिहून घेते. एकवीस झाले. म्हटलं, बाप्पा, मेलेल्या आमदाराले निवडून आणून राहिला का? हासला. म्हणे, माय, मंगरूच्या बायकोले गाव विहिरीवर पाणी भरू देत नाही, तिच्यासाठी.


२९ जानेवारी
गोमाजी कोतवाल तीन दिवसांआधी तलावात बुडून मेला. साऱ्या जन्माचा पोहणारा माणूस. मरायच्या आठ दिवसांआधीच त्यानं घनश्यामले जबाब देला होता, गोळी मंचाच्या मागून आली म्हणून.
तिसऱ्या सांजेले आपल्यात तांदळाचं पीठ पसरतात, वर बांबूचं डालं झाकतात. सकाळी पाहतात, पाखराचं पाऊल उमटलं का गाईचं का माणसाचं. मेलेला कोणत्या जन्माले गेला ते कळते. आज मी पण पाहाले गेली. पीठ कोरं. एक रेघ नाही. त्याची बायको विमलाबाई म्हणे, मंगरूचं असंच कोरं निघालं होतं, पुंडलिकरावचं पण. कुठंच गेले नाहीत ते.
मी म्हटलं, पीठ जाडं दळलं असन. 

३ फेब्रुवारी
जीप आली. पांढऱ्या कपड्यातला माणूस, लई गोड बोलणारा. नवी चौकशी बसली म्हणे, जबाब नागपूरले आणून द्या. मी आतून खुणावलं, जाऊ नको. पोरगा म्हणे, माय, सहा वर्सांनी कोणी ऐकतो म्हणते, अन् तू आडवी येऊन राहिली. जबाबांची थैली घेऊन बसला जीपमध्ये. उद्या येतो म्हणाला.

७ फेब्रुवारी
आला नाही. ठाण्यात गेली. तिथला जमादार म्हणे, मास्तर बाईसंग पळाला. घरच्या बाईशी धड बोलता येत नाही माह्या पोराले, दुसरी कुठून पळवते! सारे हासले. मी थकली बाप्पा. पाय सुजले.

९ फेब्रुवारी
रत्नाबाई म्हणे, पीठ पसरून पाहा. पाऊल उमटलं तर रडून मोकळी हो. जित्या माणसाचं पीठ पसरत नाहीत, मले माहीत आहे. तरी पसरलं. त्याच्या खाटेजवळ. अक्कल गहाण पडली माही.

१० फेब्रुवारी, सकाळ
डालं उचलाले हात होत नाही—
अंगणात खोकला. त्याचाच. आला! माहा घनश्याम आला

१० फेब्रुवारी, दुपार
जेवला. मीठ टाकाले विसरली होती मी, तरी काही बोलला नाही.
थैली कुठं, विचारलं. म्हणे, कोणती थैली.
मंगरूनंच मारलं म्हणते. कोणत्या हातानं, मी विचारलं.
म्हणे, दोन्ही हातांनी.

खाटेकडे गेला. पायानं डालं लोटलं. पिठावरून चालत गेला, अनवाणी— मी पाहिलं— पीठ तसंच. कोरं—

रत्नाबाईले हाक मारली. दार लावून घेतलं तिनं.

कागद घेऊन समोर बसला आहे. लिहू दे म्हटलं मले, तर म्हणे, लिही, माय, मी थांबतो. डोळा लवत नाही त्याचा.
आता म्हणते, बाविसावा जबाब तुझा. सांग, माय, त्या दिवशी तू पाळीवर
मी नव्हती रे, मी तर करडीले
तरी तो लिहून राहिला, माह्या नावानं, अन् मले ते सारं दिसून राहिलं— मंच— मागून कोणी तरी— दोन्ही हातांनी बंदूक—