न घेतलेलं औषध

चैत्र वद्य दशमी, सन १९४६

सांगलीच्या त्या डाक्तरीणबाईनं आज डोकं फिरवलं माझं. सून राजमतीची चार बाळंतपणं झाली, पाचवं तिला सोसायचं न्हाई म्हणे. दिवस जाऊ नयेत म्हणून रबराची टोपी नि मलमाची नळी पुढं ठेवली. किंमत ऐकली — तेवढ्यात म्हशीची महिन्याची पेंड येती! घरातला पैसा माझ्या कनवटीला, सून काय बोलणार?

मी म्हटलं, धाकटी गुणमाला अजून अंगावर पिती, पाजत ऱ्हा, तोवर दिवस जात न्हाईत. फुकटचं औषध! डाक्तरीणबाई म्हणाली, "आजीबाई, त्याचा भरवसा नसतो." तुला एक तरी पोर झालंय का, असं तिला तोंडावर विचारून आले. येताना पेंड घेतली.

चैत्र वद्य द्वादशी

पेंड चांगली निघाली. म्हैस चाटून खाती.

आषाढ शुद्ध तृतीया

राजमतीला सकाळपास्नं उलट्या. दिवस गेलेत. विचारायचं काय त्यात?

श्रावण शुद्ध अष्टमी

तिचं दूध आटलं. गुणमाला छातीला झोंबती, काही येत न्हाई, मग किंचाळती. नाचणीची पेज थुंकती. म्हशीचं दूध पाजलं, तर जुलाब. पोरीच्या पायाच्या काड्या झाल्या, पोट तेवढं पुढं.

आज राजमती एवढंच म्हणाली, "आत्याबाई, पोटातलं हिचा घास खातंय."

मी म्हशीला पेंड घालायला उठले, नि टोपली दारातच ठेवून परत आले.

भाद्रपद शुद्ध षष्ठी

आमचं जैनांचं पजूसण चाललंय. उपास धरलेत. बस्तीत, देवापुढं, बायका म्हणाल्या, म्हातारीची काय भक्ती! भक्ती कसली — घास उतरत न्हाई. किडामुंगी मरू नये म्हणून आमी पाणी गाळून पितो. नि ह्या गुणमालेकडं माझ्यानं बघवत न्हाई.

भाद्रपद शुद्ध नवमी

राजमती कुणाला न सांगता सुईणीकडं गेली होती. पोट पाडून आली. रक्त थांबत न्हाई. लेक तवनाप्पा गाडी जुंपतोय, सांगलीला न्यायला.

पोट पाडणं म्हंजे गुन्हा; दवाखान्यातनं कळणारच, उद्या चौकशीला पाटील येईल, पंच येतील. राजमतीनं तोंड उघडायचं न्हाई. तवनाप्पानं बी न्हाई. सुईणीकडं मी पाठवली तिला, असंच सांगायचं ठरलंय. जबाब मी देणार, दुसऱ्या कुणी द्यायचा न्हाई.