रिकाम्या गाडीची उंची

धनज,
१९ जुलै २०२५

चि. विनोद यास ताईचा जय भीम.

आम्ही बरे आहोत. सोयाबीन वीतभर आलं आहे. शेजारच्या भुरीबाईची म्हैस व्याली. तुझ्या धम्मदीपाची शाळा सुरू झाली असेल, लेकीला माझा जय भीम सांग. फोनवर तू गाडीशिवाय दुसरं बोलत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

नव्या उंच गाडीचा फोटो मिळाला. आता माय आरामात येईल, खालून कुठे घासणार नाही, असं तू लिहिलंस. जुनी गाडी बिचारी उगाच बदनाम झाली. तुझे भाऊजी एसटीच्या आगारात मेकॅनिक, मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "कागदावर गाडीच्या खालची उंची साडेसोळा सेंटिमीटर लिवली असते ना, ती रिकाम्या गाडीची. मानसं बसली, सामान भरलं का गाडी दबते. पोते उतरवून तिरपी काढली असती तं आरामात निंगाली असती."

कारंज्याला लग्नाला निघालो तेव्हा पुढे तू आणि तुझे सासरे, मागे धम्मदीपा, मधे माय, दाराशी मी. डिक्कीत मायनेच तुमच्यासाठी भरून दिलेले गहू आणि तुरीची डाळ, चांगली नव्वद किलो. फाट्याजवळच्या ब्रेकरवर खालून खरखर झाली. तू गाडी मागे घेतलीस आणि आरशात बघून म्हणालास, "माय, तू उतर जराशी. तुले चालाची सवय हाये."

सासऱ्यांना कसं उतरवणार, म्हणा! पण पोत्यांनाही उतरवलं नाहीस. गाडी पार झाली, ती थेट पन्नास पावलं पुढे लिंबाच्या सावलीत नेऊन थांबवलीस. आपल्यामुळे खोळंबा नको म्हणून माय लगबगीने आली आणि गिट्टीवरून घसरली. मी धावत गेले, तर तिचा पहिला प्रश्न, "गाडीले काई लागलं तं नाई ना?"

दवाखान्याच्या कागदावर तिचं वजन लिहिलं आहे. अडतीस किलो. अंगणवाडीत मी लेकरांची वजनं करते, विनोद, मला काटा वाचता येतो. माझं स्वतःचं एकाहत्तर आहे.

दोन महिने तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. आज खरं लिहिते. माय मधे होती, तिला वाट द्यायला मी आधी खाली उतरले होते. ती उतरली, आणि मी पुन्हा आत बसले. दारही मीच लावलं. आत गार हवा होती आणि अंगावर लग्नाची साडी होती, एवढंच कारण.

ती उंच गाडी इकडे आणू नकोस. खुब्याचं हाड नीट जुळलं नाही, तिला उंबऱ्यावरून पाय उचलवत नाही, तुझ्या गाडीत ती चढणार कशी? तू एसटीने ये, फाट्यावरून चालत ये. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती अजून सांगते, "माह्या लेकाची गाडी लय भारी हाये." ते माझ्याच्याने एकटीने ऐकवत नाही.

उतरून परत आत बसलेली,
तुझी अंजनाताई