रस्ता हाताले दिसला पायजे

हिंगणघाट, रविवार संध्याकाळ

"रस्ता डोळ्याले नाई, हाताले दिसला पायजे," गाडी शिकवताना बाबा म्हणाले होते. आज माझ्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग काढून साधं बसवून घेतलं. मेकॅनिक हसला, "ताई, लोकं साधं काढून पॉवर लावतात. तुमी उलटं काऊन करून राह्यल्या?" 

परतताना स्टिअरिंग जड, आणि तळहातांत सगळा रस्ता येत होता. आधी खडी, मग वेणा नदीच्या पुलाचे सांधे. झोपेत कुणी ओळखीच्यानं हात धरावा तसं. तळहात अजून झिणझिणताहेत.

डोळे गेल्यापासून बाबा गाडीत बसलेच नाहीत. उद्या चहा देताना विचारेन. नाही म्हणतील, ठाऊक आहे. तरीही... बाबा, बंद जिनिंग मिलच्या मोकळ्या पटांगणात एकदा गाडी चालवता का? मी बाजूले बसते.