दोन बोटं फट

४ तारीख, मंगळवार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं वाटोळं झालं. ती भट्टीचं तेल मोजायला आली!

आमच्याकडे भंगारातलं अॅल्युमिनियम वितळवतात. भट्टी मालकांची, पण मामी तिला सवत म्हणते — मामाने चोवीस वर्षं तिच्यापुढेच काढली. उष्णतेच्या तासाला सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं, तेव्हापासून मीही मामाच्या हाताखाली.

मालकांना प्रदूषण मंडळाची ताकीद आलीय; ती तिथलीच तपासनीस. टनामागे तेल शंभर लिटरच्या आत आणा, नाहीतर भट्टी बंद. तीन मोजण्या. एक पास झाली की सुटलो.

आज एकशे सतरा! "दारातून उष्णता जाते," म्हणाली. मी तावातावाने भांडलो. तिने शांतपणे गणित मांडून दाखवलं — मी अर्धवट सोडलेलं तेच! अक्षर काय सुंदर!

९, रविवार

दाराला नवी पट्टी, आत नव्या विटा. भंगारही आता धुराड्याच्या गरम हवेवर शेकून मगच आत टाकतो. मी घाईने ढवळायला गेलो, तर मामा खेकसला, "डिवचू नको रे गाढवा! डिवचलं की जळतं, नुसती मळी होते. आपणहून वितळू दे."

१०, सोमवार

गणित करून पाहिलं. उद्या नक्की पास. मग ती परत कशाला येईल?

११, मंगळवार

केलं! दाराखाली जुना बोल्ट सरकवला. दोन बोटं फट, कुणाला दिसणारही नाही. आकडा एकशे दहा. ती चक्रावली. "असं कसं?" जाताना म्हणाली, "पुढच्या मंगळवारी शेवटची." पुढच्या मंगळवारी! माझे पाय जमिनीवर नाहीत.

१४, शुक्रवार

मामा चष्मा लावून आला. "धातूचा रंग मला कळत नसणार आता. उशीर होत असेल दार लावायला, म्हणून तेल जास्त जातंय. वय झालं, दुसरं काय." शाळामास्तर दिसतो अगदी. मला हसू येईना.

बोल्ट अजून तिथेच आहे.

१७, सोमवार

सांगतो. नाही सांगत. सांगतो.

१८, मंगळवार

सकाळीच बोल्ट काढला. आकडा शहाण्णव! मालकांनी टाळ्या वाजवल्या. मामा चष्मा पुसत म्हणाला, "नशीब, दुसरं काय." — मला राहवेना. बोल्ट टेबलावर ठेवला.

"मामाची नजर चांगली आहे. मागच्या खेपेला हा मी दारात घातला होता. पास होणार हे गणित करून कळलं होतं, म्हणून."

"पण का?" ती.

"तुम्ही परत यावं म्हणून."

मालकांना ठसका लागला. ती हसली नाही. खिडकीबाहेर बोट केलं. "त्या जादा तेलाचा धूर त्या शाळेवर गेला. पोरांनी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

मेलो! जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं.

दारापाशी थांबली. "गणित मात्र बरोबर आहे तुमचं. अर्धवट का सोडलंत?"

गेली. जेवताना मामाने माझ्या ताटात स्वतःचा वाटा सरकवला.

१९, बुधवार

मामा आंघोळीला गेलाय. चष्मा टेबलावर. सहज लावून पाहिला. साधी काच! नंबरच नाही!

म्हणजे शुक्रवारच्या आधीच त्याला बोल्ट सापडला होता. आणि मुद्दाम काढला नाही, चष्म्याचं सोंग केलं. "आपणहून वितळू दे." — लबाड! माझा लाडका लबाड!

निघालो. कॉलेजात. सरांची माफी मागायला. चष्मा होता तसाच ठेवला. दार ओढून घेतो — फट न ठेवता.